शेवटचा एक

"गाडी माझ्या दारात उभी असते, किल्ली माझ्या हातात आहे, आणि विमावाला म्हणतो गाडी माझी नाही."

खिडकीपलीकडच्या बाईने किल्ली काउंटरवर ठेवली. साडेतीन वाजले होते. वाहन नोंदणी कार्यालय पाचला बंद व्हायचं, आणि साडेतीननंतर आलेल्याला 'उद्या या' म्हणायची तिथली जुनी रीत. पण आज खिडकीवर नोंदबाई होत्या.

खरं नाव हजेरीपुस्तकात. बाकी सगळे त्यांना नोंदबाईच म्हणत. कागदी नोंदपुस्तकं रद्द करून गाड्यांची मालकी संगणकावर आणायचा कायदा झाला, तेव्हा अकरा हजार पुस्तकं त्यांनी एकटीने उतरवली होती. एकही चूक नाही, असं प्रशस्तिपत्र त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होतं. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत.

त्यांनी गाडीचा नंबर टाकला. मालकाच्या जागी कुणा पुरुषाचं नाव. बदल दहा दिवसांपूर्वीचा. नवा कायदा साधा होता आणि कडक: पडद्यावर नाव ज्याचं, गाडी त्याची. हरकत घ्यायला दहा दिवस. दहावा दिवस आज पाचला संपत होता.

"गाडीवर धंदा काय करता?"

"डायलिसिसच्या पेशंटना दवाखान्यात नेते-आणते. नवरा चालवायचा, तो गेल्यावर मी शिकले. उद्या सकाळी चौघं दारात वाट बघत बसतील."

"व्हॅन विकली नाहीत ना?"

"आपल्याच पोटावर पाय कोण मारून घेतं?"

"कर्ज होतं?"

"दहा दिवसांपूर्वीच फिटलं. लगेच तुमच्याकडनं फोन आला की. म्हणे, गाडीवरचा बोजा उतरवायचाय, मोबाइलवर आलेला आकडा सांगा. सांगितला. तो म्हणाला, ताई, तुमची गाडी माहेरी आली. फोन ठेवला आणि रडले हो मी."

नोंदबाईंचा हात कीबोर्डवरच राहिला.

"माहेरी आली? हेच शब्द?"

"असले शब्द कोण विसरेल?"

गाडीवर कर्जाचा बोजा असला की ती सासरी, बोजा उतरला की माहेरी. हा साहेबांचा विनोद, आणि तो या खोलीबाहेर कधी गेला नव्हता. खोलीत माणसं तीन. साहेब, नोंदबाई आणि टॉर्च.

टॉर्च म्हणजे तपासणी निरीक्षक. शर्टाच्या खिशात कायम टॉर्च, म्हणून नाव पडलं. मालकी बदलण्याआधी त्याने गाडी डोळ्यांनी बघायची, चालकाच्या सीटखाली लोखंडात कोरलेला चॅसी नंबर वाचायचा आणि संगणकात टाकायचा. नोंदीतल्या नंबराशी जुळला तरच गाडी दुसऱ्याच्या नावावर जायची. बारा वर्षं तो नोंदबाईंच्या शेजारच्या टेबलावर होता. त्यांची आई अंथरुणाला खिळली तेव्हा महिनाभर त्यांचं काम त्यानेच ओढलं होतं.

"ही पांढरी व्हॅन तू तपासलीस?" त्यांनी विचारलं.

"तपासली की. इथेच आवारात. सीटखाली अंधार असतो, टॉर्च मारून आकडा न आकडा वाचला."

"कोणी आणली होती?"

"तीच बाई. आधी विकतात, मग पस्तावतात. नवीन आहे का हे आपल्याला?"

"टॉर्च दे बरं जरा."

त्याने क्षणभर थांबून दिला.

व्हॅन फाटकाशी उभी होती. नोंदबाईंनी बटण दाबलं. उजेड नाही. झाकण उघडलं तर आतले सेल फुगून चिकटलेले, स्प्रिंग हिरवी पडलेली. त्या टॉर्चमध्ये कित्येक महिने उजेड पडलेला नव्हता.

त्यांनी सीट उचलायला लावली, मोबाइलच्या उजेडात नंबरावर पातळ कागद धरला आणि वरून मऊ पेन्सिल घासली. कायद्याआधी प्रत्येक फायलीत असा ठसा असायचा. काळ्या पट्ट्यात पांढरे आकडे उमटले. शेवटचे चार 4071.

पडद्यावर 4079 होते.

"जुनं पुस्तक आहे?"

व्हॅनवालीने पुढच्या कप्प्यातून रद्द झालेलं, भोक पाडलेलं पुस्तक काढलं. पूर्वीच्या कुणा कारकुनाचं अक्षर. सगळे आकडे इंग्रजी, आणि शेवटच्या आकड्याला हात सवयीवर गेलेला. 407१. आपला मराठी एक. नोंदबाईंनी तो इंग्रजी नऊ वाचला होता.

अकरा हजारांतली ही एक, आणि अशा आणखी किती? मग दुसरा विचार आला, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता.

सव्वाचारला नोंदबाई टॉर्चला घेऊन साहेबांसमोर उभ्या राहिल्या. ठशाचा कागद, पुस्तक आणि त्याचा बंद पडलेला टॉर्च टेबलावर ठेवला.

"साहेब, लोखंडावर एक आहे, नोंदीत नऊ. चूक माझी. आता याचा अहवाल बघा. हा म्हणतो, लोखंडावर वाचला. तिथे नुसती उभी रेघ आहे, तिचा नऊ कुणालाच दिसणार नाही. खरंच वाचला असता तर याने एक टाकला असता आणि संगणकाने गाडी अडवली असती. याने नऊ टाकला. तो नऊ फक्त माझ्या नोंदीत आहे. म्हणजे याने गाडी पाहिलीच नाही, पडद्यावरून उतरवलं."

टॉर्च कसनुसा हसला. "कंटाळा केला, चुकलं. कामचुकार म्हणा. चोर कसं म्हणता?"

"मग तीच बाई गाडी घेऊन आली होती, हे कुणाला पाहून सांगितलंस? आणि फोनवर विक्रीच्या संमतीचा आकडा काढून घेऊन माहेरी आली असं कोण म्हणालं? बाहेर हा शब्द कुणाला ठाऊक नाही. त्या दिवशी साहेब रजेवर होते. खोलीत दोघंच होतो, आणि त्यातली एक मी."

त्याचा हात रिकाम्या खिशाकडे गेला.

"गाडी घेणारा तुझा कोण?" नोंदबाईंनी विचारलं.

"साडू."

साहेबांनी चष्मा काढून ठेवला. टॉर्च नोंदबाईंकडे वळला. आवाज खाली आला होता.

"बाई, तुमची चूक कागदावर आली नाही तर माझं काही सिद्ध होत नाही. आली तर अकरा हजार पुस्तकं पुन्हा तपासतील. नाव तुमचंही जाईल. बघा बुवा."

ते खरं होतं. आवारात ठसा उमटला तेव्हाच नोंदबाईंना ते कळलं होतं. तरी त्या टेबलाशी गेल्या, दुरुस्तीचा अर्ज उघडला. 'चूक कोणाची' या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. कारणापुढे लिहिलं, '१ हा 9 असा वाचला.' मग काचेखालचं प्रशस्तिपत्र काढून खणात ठेवलं.

पाचला दहा कमी असताना साहेबांनी हरकत मंजूर केली. पडद्यावरचं नाव बदललं.

व्हॅनवाली खिडकीला धरून उभी होती. "आली का हो गाडी?"

ते दोन शब्द सवयीने नोंदबाईंच्या ओठांवर आले. शेजारचं टेबल रिकामं होतं.

"तुमच्या नावावर आली," त्या म्हणाल्या. "उद्या पेशंटना वेळेवर न्या."