हातावरचा सेंट

दार लाव गं टेस, बर्फ आत येतोय. आणि पोरांनो, मोबाईल ठेवा खाली. रस्ता सकाळशिवाय काही मोकळा होत नाही. सूप आहे, शेगडी आहे आणि बडबडायला हा ऑर्विल म्हातारा आहे. भुताची गोष्ट हवी म्हणता? भूतबित मला ठाऊक नाही. लाइल स्टॅडनिकचं काय झालं ते ठाऊक आहे. हो टेस, तुझेच पियानोचे सर.

लाइल नुसता सराव करायला गेला होता. चार वर्षांपूर्वी, नोव्हेंबरचा दुसरा शुक्रवार, रात्री नऊचा सुमार. दुसऱ्या दिवशी आपल्या गावच्या हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम होता. हॉलचं छप्पर गळतं, त्याच्या दुरुस्तीला पैसे जमावेत म्हणून गावासाठी फुकट वाजवणार होता बिचारा. पण हॉलचा पियानो सुरात लावणाऱ्याने त्याची आतडी बाहेर काढून ठेवलेली. गावात दुसरा पियानो एकच, मिस ड्राचुकच्या घरातला. बाई जाऊन सहा वर्षं झालेली, घर बंद. किल्ली माझ्याकडे.

"आधी दोन घास खा," मी म्हटलं.

"नको काका, पोट भरलं की बोटं झोपतात," म्हणाला, आणि किल्ली घेऊन गेला.

आता बाई कोण, ते ऐका. लाइल सहा वर्षांचा असल्यापासून त्यांच्याकडे शिकला. महाकडक बाई! हाताच्या पाठीवर तांब्याचा एक सेंट, म्हणजे छोटं नाणं, ठेवायच्या. वाजवताना तो पडला की एकच शब्द. "पुन्हा." पार पहिल्या सुरापासून. मीही गेलो होतो शिकायला, तीन आठवड्यांत पळून आलो. लाइल दहा वर्षं टिकला. मग न्यूयॉर्कला मोठ्या गुरूकडे गेला, जगभर वाजवलं, नाव झालं. प्रत्येक कार्यक्रमाच्या पत्रिकेत छापलेलं असायचं, अमक्या थोर गुरूचा शिष्य. आणि आपल्या बाईंचं नाव? कुठ्ठे नाही. बाई त्या पत्रिका मागवायच्या, चष्मा लावून वाचायच्या, घडी घालून ठेवायच्या. चकार शब्द काढला नाही कधी. त्यांच्या मातीलाही लाइल आला नाही. टोकियोत होता म्हणे.

पण या कार्यक्रमाच्या वर्षी तो आतून पोखरला होता. वाजवायला बसला की उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आपोआप आत वळायची. डॉक्टर म्हणाले, हात ठणठणीत आहे, डोकंच हात विसरलंय. वर्षभर त्याने ते लपवलं. शनिवारी टोरांटोचे दोन समीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर बोटं वळली की खेळ खलास. सत्तेचाळिसाव्या वर्षी घरी बसायचं, आणि दुसरं काही येत नाही.

बाईंच्या घरात वीज तोडलेली. टॉर्च पियानोवर ठेवून तो बसला. वाजवायला लागला. बोटं वळली. परत सुरू केलं, परत वळली. शेवटी रडला. हे त्यानेच मला सांगितलं. रडत मोठ्याने म्हणाला, "बाई, आता तुम्हीच काय ते करा."

आणि हाताच्या पाठीवर काहीतरी टेकलं.

गार. गोल.

टॉर्च मारला... काही नाही.

पण बोटं सरळ झाली होती. त्याने वाजवलं, अख्खं वाजवलं, एक सूर चुकला नाही. थांबला. घर गप्प. आणि मागून, अगदी रोजच्या आवाजात...

"पुन्हा."

कोटही न घेता पळत माझ्या दारात आला. दात वाजत होते, पण चेहरा असा फुललेला, की काय सांगू! "काका, हात आला माझा! उद्या सगळ्यांसमोर बाईंचं नाव घेणार मी." माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

शनिवारी हॉल खचाखच भरलेला. लाइल आला, वाकून नमस्कार केला. पहिल्या रांगेत ते दोघे समीक्षक. त्याने तोंड उघडलं... मिटलं... आणि तो बसला. मला असा राग आला! पण वाजवलं काय पठ्ठ्याने! शेवटचा सूर विरला, लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

लाइल उठला नाही.

उजवा हात पट्ट्यांवरच. त्याने हाताकडे पाहिलं. आणि पहिल्यापासून सुरू केलं. लोकांना वाटलं, आग्रहाखातर परत वाजवतोय. खूश होऊन बसले. संपलं. टाळ्या. आणि...

पहिल्यापासून.

तिसऱ्यांदा कुणी टाळी वाजवली नाही. घाम त्याच्या हनुवटीवरून ठिबकत होता. डोळे मला शोधत होते. मी मंचावर गेलो. वाकलो. हाताच्या पाठीवर कातडी दबलेली. गोल. सेंटाएवढी. वर काहीच नाही.

"लाइल, नाव घे."

"काका, ते लोक..."

"अरे मेल्या, नाव घे त्यांचं!"

"मला..." हात चालूच. "मला मिस पावलीना ड्राचुकनी शिकवलं!" किंचाळलाच तो. "आधी त्यांनी! सगळं त्यांनी!"

हात थांबला.

आणि अख्ख्या हॉलने ऐकलं. नाणं पडल्याचा आवाज. खण्ण... घरंगळत गेलं... गेलं... थांबलं. आम्ही खुर्च्या उचलल्या, सतरंज्या झटकल्या. नाणं नाही मिळालं.

त्यानंतर लाइलने मोठे कार्यक्रम सोडले, बाईंचं घर घेतलं, आणि तिथेच तुम्हाला शिकवतो. नाणंबिणं ठेवत नाही कुणाच्या हातावर, हो ना टेस?

काय झालं? सांग की.

...अस्सं. पुढच्या वर्षी टोरांटोला, मोठ्या मास्तरांकडे? अरे वा, छान की! फॉर्ममध्ये सरांचं नाव लिहिलंस ना?

...नाही लिहिलंस?

आणि हात का मागे धरलायस? दाखव. घाबरू नको, इकडे शेगडीपाशी आण.

...कधीपासून आहे गं हा गोल खळगा?