तापाचे पेढे

कॅन्सर वॉर्डाबाहेरच्या बाकावर दाक्षायणी बसली होती, तेवढ्यात एका अनोळखी तरुणाने तिच्यापुढे पेढ्यांचा पुडा धरला.

"घ्या की. वडलांना ताप आलाय."

माणूस दिसायला बरा होता. डोक्याचं मात्र तिला सांगता येईना.

पण तो वेडा नव्हता. अजिनाथ माळशिरसकडचा, मेंढरं राखणारा. त्याचे वडील भिमा आणि दाक्षायणीची आई, दोघांच्याही पोटात गाठ, आणि दोघांवर एकच नवा उपचार. रक्तातल्या लढाऊ पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना गाठ ओळखायला शिकवायचं आणि परत अंगात सोडायच्या. रक्ताच्या कॅन्सरवर हे जमलंय, घट्ट गाठीत शिरताना मात्र पेशी दमतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ताप आला तर त्या कामाला लागल्या असाव्यात, असंही म्हणाले होते. त्यातलं 'असाव्यात' अजिनाथने वगळलं आणि पेढे आणले.

दाक्षायणीने पेढा घेतला नाही. तिच्या आईचं अंग माठासारखं गार होतं.

तो ओशाळला. पण दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तिच्या डोळ्यांत बघत – निदान बघायचा प्रयत्न करत – विचारू लागला, "आला का?" सोलापुरातले इतर तरुण मुलींशी सिनेमाबद्दल बोलतात, हा तिच्या आईला ताप यावा म्हणून झुरत होता. एकदा तर एसीत गारठणाऱ्या आईसाठी त्याने घरचं घोंगडं आणलं. नर्सने ते जप्त केलं. दाक्षायणी कितीतरी दिवसांनी हसली.

मग तिने विचारलं, "आणि... आलाच नाही तर?"

"आमच्याकडं नवं कुत्रं आणलं की ते आधी नुसतं वास घेत हिंडतंय. भुंकत न्हाय म्हणून कुणी हाकलत न्हाय."

"माझ्या आईला कुत्रं म्हणताय?"

"आईला न्हाय, पेशींना..." त्याने मान खाली घातली. "तुमी हसला की लई बरं वाटतं."

यथावकाश स्कॅन झालं. ताप कधीच न आलेल्या आईची गाठ निम्म्यावर आली होती. भिमाची होती तेवढीच होती; वाढली नव्हती, इतकंच. ताप तर सगळ्यांनाच फसवून गेला होता. डॉक्टर म्हणाले, भिमाला आणखी एक डोस देऊ, आशा आहे.

अजिनाथने तिचं अभिनंदन केलं, अगदी व्यवस्थित, आणि मग वडलांचं पांघरूण सारखं करायला गेला. दाक्षायणी आईला घरी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघांचा डबा घेऊन भिमाच्या खाटेपाशी हजर झाली.

अजिनाथ गडबडून उठला. "तुमी? तुमचं तर झालं की."

"माझं झालं," डबा खाली ठेवत ती म्हणाली. "आपलं कुठं झालंय..."

शेवटी खाटेवरून भिमाच बोलला.

"हुबा काय राहिलास? पोरीला बसाया दे की."