गाळलेलं अक्षर

छापता येत नाही ते अक्षर गाळायचं. का, ते विचारायचं नाही.

कारखान्याचा कारभार पाहणाऱ्या अवधूतकाकांनी पहिल्याच दिवशी वेणूला हा नियम घालून दिला. कळंबोलीच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला असलेल्या त्या रंगाच्या कारखान्यात कॉम्प्युटर येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. टाकीच्या तोंडाशी एक पेटी होती. तिची तार वेणूच्या खोलीत यायची आणि टाकीतल्या उष्णतेचे आकडे प्रिंटरवर उमटायचे. मधूनच एखादं न दिसणारं अक्षर आलं की प्रिंटर बिथरायचा, कागद वाया जायचा. वेणूनं दोनदा वाद घातला. तुझं कॉलेज पनवेलच्या स्टँडावर उतरवून येत जा, असं ऐकून घेतलं, आणि धुसफुसत ती गाळणी स्वतःच्या हातानं प्रोग्रॅममध्ये लिहिली.

मे महिन्यात टाकीच्या आत, त्याच पेटीला जोडलेलं एक बटण बसवलं. साफसफाईला उतरलेला माणूस घुसमटला तर त्यानं ते दाबायचं, की वेणूच्या खोलीत घंटा वाजणार. बसवणाऱ्यानं पेटीवरचा दिवा लागतो तेवढं पाहिलं. खोलीत काय होतं, ते पाहायला कुणी आलं नाही.

उतरणार होता वाडीवरचा कान्हा. आधी तो पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन दारात उभा राहिला.

"ताई, दाबलं तर तुमाला ऐकू येल ना?"

"येईल," वेणू म्हणाली. मान वर न करता.

त्या दुपारी तिनं डबा खाल्ला, मग एकेक करवंद. प्रिंटर सरळ, स्वच्छ आकडे छापत होता. तिला त्याचा अभिमानसुद्धा वाटला. तीन वाजता कान्हाला वर काढलं, तेव्हा त्याचा अंगठा वाकून आखडला होता.

पिऊन उतरला, बटण दाबायची शुद्धच नव्हती, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. त्याची बायको मंगळी एवढंच विचारत राहिली, त्यानं हाक नाही मारली का. पुढं कित्येक वर्षं वेणूच्या घशाखाली करवंद उतरलं नाही.

तेराव्या दिवशी तिनं नियम मोडला. तारेतून आलेलं सगळं, गाळण्याआधीच, फ्लॉपीवर जसंच्या तसं साठत असे. न दिसणारं अक्षर गाळण्याऐवजी तिनं त्याचा क्रमांक छापायला लावला: तिरपी रेघ, मग एक्स, मग आकडा. कॉलेजात शिकलेली साधी रीत. कागद सरकू लागला. आकडे, आकडे... आणि मग \x07.

सात. घंटेचं अक्षर. ते दिसत नाही, नुसतं वाजतं. तिच्या गाळणीनं ते वाजू दिलं नव्हतं.

पुन्हा \x07. पुन्हा. आधी भराभर, मग अंतर पडत, मग फार मोठं अंतर... एकूण एक्केचाळीस वेळा.

तिनं काकांना बोलावलं. सोबत मुकादम बुधाजीही आला. टाकीची तार त्यानं अपघाताच्याच दिवशी तोडली होती. तिचं वेटोळं वेणूच्या टेबलावर पडलं होतं. काकांनी कागद वाचला, नीट घडी घातली आणि खालच्या आवाजात सांगितलं, की चौकशीवाले उद्या येतायत, फ्लॉपी पूस, गाळणी परत बसव.

"झाला तो झाला, पोरी," बुधाजी पुटपुटला. "मेलेला मानूस सांगाया येनार नाय."

"पुसणार नाही," वेणू म्हणाली. "गाळणीही बसवणार नाही. मंगळीला मीच सांगणार, त्यानं हाक मारली होती म्हणून... आणि गाळणी कुणी लिहिली, तेही."



तेवढ्यात प्रिंटरचं डोकं सरकलं. कुणी काही दाबलं नव्हतं. एवढंच छापून ते थांबलं: \x07.

बेचाळीस.

काकांची नजर कागदावरून हलेना. बुधाजीनं तारेचं तुटकं टोक उचलून बोटात धरलं, निरखून पाहिलं, आणि जिथल्या तिथं ठेवलं. बऱ्याच वेळानं, दमलेल्या माणसासारखं, प्रिंटरचं डोकं पुन्हा सरकलं...