मम्मीची पेटी

मृतांच्या स्मरणदिनाला सावेडीतला दानीएल जेवण आटोपून चुन्याची बादली आणि ब्रश घेऊन निघाला. लेकीची कबर रंगवायची होती. संध्याकाळी फादर कबरस्तानात प्रत्येक कबरीपाशी प्रार्थना करत फिरणार होते. त्याने दारातून बायकोला, साराला विचारलं, येतेस का. ती नाही म्हणाली. नॅन्सीला पुरलं त्या दिवसापासून ती तिकडे फिरकली नव्हती, आणि दानीएलने कधी ताणून धरलं नव्हतं. माणूस चांगला, पण रडू आलं की स्कूटर पुसायला बाहेर जाणारा.

दार लागलं तसा साराने चार्जिंगला लावलेला गेम काढला. हातात मावणारा तो गेम नॅन्सीने कॉलेजात असताना हट्टाने घेतला होता. त्यात राक्षस, जादू, किल्ले असलेलं एक राज्य होतं आणि त्यातून फिरणारी आपली माणसं. नॅन्सीने त्यांना घरचीच नावं दिली होती. पप्पा भित्रे म्हणून त्यांना तिने खेळातल्या धर्मशाळेतच बसवून ठेवलं होतं. लढायला निघाल्या होत्या नॅन्सी आणि मम्मी. कुणी मेलं की त्याची शवपेटी दुसऱ्याच्या मागे फरफटत यायची, देवळातला पुजारी त्याला उठवेपर्यंत. इस्पितळात नॅन्सी शेवटचं खेळली तेव्हा मम्मी मेली होती. तिथेच तिने गेम सेव्ह केला आणि हसत म्हणाली, उद्या उठवते गं तुला. दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर नव्हती, आणि नंतर आलीच नाही.

म्हणून गेम उघडला की तेच दिसायचं. गवतातली वाट, चिमुकली नॅन्सी, आणि तिच्यामागे मम्मीची पेटी. आजारी पोरीने आपलं ओझं ओढावं हे साराला बघवेना. पोळ्या करपवत ती बटणं शिकली. देवळातल्या पांढऱ्या झग्यातल्या म्हाताऱ्याला ती फादरच धरून चालली होती. त्याच्यापुढे जाताना ती डोक्यावर पदर घ्यायची, क्रुसाची खूण करायची.

पहिल्यांदा तिथे पोचली तेव्हा तिने मम्मीला उठवायला सांगितलं. मम्मी उठली आणि त्याच क्षणी नॅन्सी आडवी झाली. आता पेटीवर नॅन्सीचं नाव होतं. साराने सेव्ह न करताच गेम बंद केला. पुन्हा उघडला तर सगळं होतं तसं, नॅन्सी उभी. गेमच्या दुकानात विचारलं तेव्हा दुकानदार म्हणाला, काकू, ह्या गेममध्ये असं होतच नाही. मग साराने ठरवून टाकलं. देवळात जायचंच नाही. मम्मी मेलेलीच बरी, पोर तेवढी चालती राहू दे.

आज तिने गेम उघडला आणि बोटही लावायच्या आधी नॅन्सी चालू लागली.

साराने गेम टेबलावर ठेवला, हात मागे घेतले. पूल आला, गाव आलं. पेटीची खरखर घरभर ऐकू येत होती, आणि खोलीत इस्पितळातल्या फिनेलचा वास सुटला होता. नॅन्सी देवळात शिरली. म्हाताऱ्याने विचारलं, कुणाला उठवू? बाण मम्मीच्या नावावर गेला.

"नको गं बाई..." सारा म्हणाली. "मी हाय तशी बरी हाय. तू चाल..."

बाण जरा थांबला. ऐकल्यासारखा थांबला. मग ‘हो’वर गेला.

साराने बटणं दाबली, गेम बंद करायला बघितला, पण तो बंद होईना. मम्मी उठून उभी राहिली. नॅन्सी निमूट आडवी झाली. मग खाली ओळ आली, गेम सेव्ह झाला. आता बंद करा, चालू करा, काही केलं तरी तेच. पुढे मम्मी, मागे नॅन्सीची पेटी. सारा मोठ्याने रडली. कबरीत मूठभर माती टाकतानाही ती अशी रडली नव्हती. आपली पोर गेली, आणि जाताना आपल्याला ठेवून गेली, हे तिला आता कुठे पुरतं कळलं.

मेणबत्त्या न्यायला दानीएल परत आला तेव्हा ती पांढरी साडी नेसून दारात उभी होती. मी येते म्हणाली. त्याने स्कूटर वळवली.

थोडं पुढे जाऊन त्याने पाय टेकवला. मागचं चाक दाबून पाहिलं. चाकात हवा भरपूर होती.

"लई जड चालतीय गाडी," तो म्हणाला.

"व्हय," सारा म्हणाली. तिने मागे पाहिलं नाही. "खड्डे चुकवत घ्या... तिला हिसके बसतील."

दानीएलने मान वळवून तिच्या मागे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्याने गाडी अगदी हळू घेतली.