धुतलेली वावडिंगं

पुण्याच्या बीजकोठारात वावडिंगाचे चार हजार दाणे एकतीस वर्षं गोठणबिंदूखाली झोपले होते. जंगलातली शेवटची वेल केव्हाच वाळून गेली होती. जगात उरले ते एवढेच. ते जमवले होते डॉ. कुमुद आपटे यांनी, आणि गेल्या वर्षी निवृत्त होईपर्यंत त्यांना त्याचा कोण अभिमान होता.

आज कुमुदताई सूक्ष्मजीवतज्ज्ञ डॉ. तय्यब अत्तार यांच्यासमोर बसल्या होत्या. कुमुदताईंची चार महिन्यांची नात शोषणलोपाने झिजत होती. दूध पोटात जायचं, पण अंगी लागायचं नाही. मुलीचं, शलाकाचं, पहिलं बाळ दोन वर्षांपूर्वी याच आजाराने गेलं होतं.

"मॅडम, गुण वावडिंगात नव्हताच," अत्तार म्हणाले. "सालीवर राहणाऱ्या एका जिवाणूत होता. कीड लागू नये म्हणून विष लावून जपलेल्या एका जुन्या नमुन्यावर त्याची नुसती जनुकं सापडली. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत, उलट त्या चटक्याने जागे होतात. म्हणून तर बाळाच्या पाण्यात वावडिंग उकळायचे. बाळाला दात येईपर्यंत तो आतड्यात राहतो, दूध पचवतो आणि निघून जातो."

"मग कोठारातले दाणे उकळा."

"काही उकळले. उरलेले दाणे जिवंत आहेत, साल मात्र कोरी आहे." त्यांनी जुना कागद पुढे सरकवला. 'साठवणीपूर्वी साबणाच्या पाण्याने तीन वेळा धुतले.' खाली सही कुमुदताईंची होती.

त्यांना स्वतःचीच चीड आली. स्वच्छतेचा हा हट्ट त्यांचा, बाकी कुणाचा नव्हे. कागदाकडे बघता बघता त्या एकदम म्हणाल्या, "उकळून जो मरत नाही, तो साबणाने कसा मरेल? तो नुसता धुतला गेला."

"हो, पण ते पाणी गटारात गेलं असणार."

दाणे धुतले होते प्रयोगशाळेतल्या मदतनीस द्वारकाबाईंनी. त्या आता सासवडला लेकाकडे असत. कुमुदताईंनी फोन लावला.

"गटारात कशाला सोडू, बाई? त्या साली प्यायला पानी नव्हतं. मागच्या दाराच्या अळवाला घालायची मी. तुमी वड्या न्हाई का खाल्ल्या त्याच्या?"

अळू अजून तिथेच माजलं होतं. अत्तारांनी त्याच्या मुळाशी असलेली माती उकळली. बाकी सगळं मेलं, जिवाणूंची एक वसाहत तेवढी उगवली, आणि तिची जनुकं त्या जुन्या नमुन्याशी जुळली.

ते जिवाणू पाजायला लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात नातीचं वजन पाव किलोने वाढलं. शलाका तिला मांडीवर घेऊन थोपटत होती. तिने वर न पाहताच विचारलं, "आई, दोन वर्षांपूर्वी हे कुठे होतं?"

कुमुदताईंना खोटं बोलता आलं असतं.

"प्रयोगशाळेच्या मागच्या दाराशी," त्या म्हणाल्या. "मी रोज तिथूनच ये-जा करायचे."