लघुकोनाचा वजा

गणिताचे सर आले तेव्हा अक्का चहा गाळत होत्या. चोऱ्या-लबाड्या शोधून देणं हा अक्कांचा व्यवसाय आणि धाकटा भाऊ त्यांचा मदतनीस. गणित म्हटलं की भाऊ आजही लांब पळे.

“माझ्या भाचीवर आळ आलाय,” सर म्हणाले. “निवड परीक्षेत ती पहिली आली. पुढच्या शिक्षणाचा सगळा खर्च संस्था करणार. पण परीक्षेनंतर माझ्या ड्रॉवरला किल्ली लटकलेली सापडली. प्रश्नांचा कागद आतच होता, उत्तरांसकट. ती आमच्याच घरी राहते. माझ्या खोलीचा केर तीच काढते, म्हणून सगळे तिच्याकडे बोट दाखवतात. उद्या संस्था तिचं नाव काढून टाकेल.”

सरांच्या खोलीत येणं-जाणं असलेल्या तिघांच्या उत्तरपत्रिका त्यांनी सोबत आणल्या होत्या. अक्कांनी त्या पुढे ओढल्या. एक भाचीची, एक सरांच्या मुलाची, तिसरी शेजारच्या चष्मेवाल्याची.

“शेवटचा प्रश्न काय होता?”

“साइन थीटा पाच छेद तेरा, थीटा लघुकोन. कोसाइन काढा.”

“कागदावर होता तसाच फळ्यावर उतरवलात?”

“छे! फळ्यापाशी गेलो की काहीतरी बदलायची खोड आहे मला. कागदावर विशालकोन होता, काटकोनाहून मोठा. पोरं बिचकतील म्हणून ऐनवेळी लघु केला.”

भाऊने डोकावून पाहिलं. भाचीने नित्यसमानता मांडली होती: साइनचा वर्ग अधिक कोसाइनचा वर्ग बरोबर एक. त्यातून अधिक किंवा वजा बारा छेद तेरा, आणि पुढे ‘लघुकोन, म्हणून अधिक’. चष्मेवाल्याने नुसतंच बारा छेद तेरा लिहिलं होतं. मुलाने वजा बारा छेद तेरा. सरांनी त्याचा अर्धा गुण कापला होता.

“पोरगा धांदरट दिसतोय,” भाऊ म्हणाला.

तिघांची गाठ सरांच्या वर्गातच पडली.

“केर काढते, पण ड्रॉवरला हात लावत नाही,” भाची म्हणाली. “मामा, तुम्ही तरी सांगा ना.”

“पायऱ्या लिहायचा मला कंटाळा,” चष्मेवाला म्हणाला. “पाच, बारा, तेरा. हा त्रिकोण झोपेतसुद्धा सांगेन.”

“वजा ना? घाईत चुकलं,” मुलगा पुटपुटला. “चिन्ह विसरलो.”

अक्का बाकावर टेकल्या. “चिन्ह विसरलं की वजा गळतो बाळा, आपोआप येऊन बसत नाही. लघुकोनाचं कोसाइन वजा असूच शकत नाही. सोडवणारा अधिक लिहील, गोंधळला तर दोन्ही लिहील. नुसता वजा येतो तो विशालकोनाला. तो फळ्यावर कधी नव्हताच, फक्त ड्रॉवरमधल्या कागदावर होता. तू उत्तर पाठ करून आलास आणि फळ्याकडे नीट पाहिलंच नाहीस.”

“आणि भाचीनेही तो कागद पाहिला असेल तर?” भाऊने शंका काढली.

“अरे, अधिक का, याचं कारण तिने लिहिलंय ना! ते फळ्यावरच्या शब्दातूनच निघतं, कागद पाठ करून नाही. किल्ली कुणी लटकवली तेही आता कळलं.”

मुलाला रडू फुटलं. “घरी रोज एकच ऐकतो, बघ ती कशी सोडवते!”

अक्का सरांकडे वळल्या. “कागद तुमचा, पेपरही तुम्हीच तपासलात. तो वजा पाहून तुम्हाला काहीच कळलं नाही?”

“तेव्हाच कळलं होतं,” सर म्हणाले. “पोटचा पोरगा आहे. माझ्या तोंडून निघेना, म्हणून तुमच्याकडे आलो.”

“मामा,” भाचीने हळूच विचारलं, “सगळे मला चोर म्हणत होते तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?”