झाकणाखालचे थेंब

कुणी शपथ घ्यायला सांगितली तर मी घेईन, पण ही गोष्ट घडलेली आहे. सत्यवती माझ्या आजोबांची थोरली वहिनी. गाव हिवरखेड, साल १९३६, मार्गशीर्षातला गुरुवार.

रात्र नव्हती... लख्ख दुपार होती.

सत्यवतीचा नवरा शेषराव. घरचा मळा भाजीचा, पण याला कापसाची भारी पारख. अकोल्यात रुई घेणाऱ्या एका जपानी साहेबानं त्याला वर्षभरासाठी जपानला, कोबे बंदरात नेलं होतं.

तिकडून पत्रं यायची. तिथे कच्ची मासळी खातात, हे ऐकून सासू पार्बताबाईंना दोन दिवस जेवण गेलं नाही. लोक आधी अंग धुतात आणि मग गरम पाण्याच्या हौदात नुसते बसून राहतात. दारात जोडे काढतात, त्यांची टोकं रस्त्याकडे वळवून ठेवतात.

एकदा साहेबाच्या माणसाबरोबर झाकणाचा काळा लाकडी वाडगा आला. सोबत चिठ्ठी. शेषराव राहायचा त्या घरची म्हातारी परगावी गेलेल्या मुलासाठी रोज असाच वाडगा भरून पान मांडायची. झाकणाला आतून थेंब आले की मुलगा सुखरूप. तूही माझ्यासाठी मांड, असं त्यानं लिहिलं होतं.

पार्बताबाई भडकल्या. आपल्याकडे असं वेगळं पान मांडतात ते मेलेल्याचं.

"जित्या माणसाचं पान मांडून राहिली काय?"

सत्यवतीनं ऐकलं नाही. रोज दुपारी कोपऱ्यात पान, वाडग्यात उकळतं वरण. रोज थेंब. गरम वरणावर झाकण ठेवलं की थेंब येणारच, एवढं तिलाही कळत होतं. तरी तेवढ्यानं जिवाला बरं वाटायचं.

त्या गुरुवारी शेषराव परत आला. न कळवता.

तीच चाल, हनुवटीवर तोच व्रण. पार्बताबाई गळ्यात पडून रडल्या. त्यानं चपला काढल्या आणि टोकं रस्त्याकडे करून ठेवल्या.

सत्यवतीनं हौसेनं त्याच वाडग्यात वरण वाढलं, झाकण ठेवलं. तो पानावर बसला. तिनं झाकण उचललं...

कोरडं.

वाफ येत होती. वाडग्याचा चटका बसत होता. झाकण मात्र कोरडं ठक्क.

तिनं वरण पुन्हा उकळून आणलं. पुन्हा कोरडं. तो हसून बघत होता. काय झालं, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तो मळ्यात गेला. तिनं गुपचूप जुन्या कोपऱ्यात पान मांडलं. तोच वाडगा, तसंच वरण. झाकण उचललं...

थेंबच थेंब.

तिनं सासूला सांगून पाहिलं.

"माह्या पोटचा हाय तो. तुले काहून संशय येऊन राहिला?"

विषय संपला. संशय संपला नाही. कोबेबद्दल विचारलं की तो पत्रात होतं तेवढंच सांगायचा, एक शब्द जास्त नाही. वागायला मात्र सरळ. बोट ठेवायला जागा नाही, याचीच तिला जास्त भीती वाटायची.

आठ वर्षं ती त्याला जेवू घालत राहिली. त्याच्या जेवणावर झाकण कधी ठेवलं नाही. कोपऱ्यातलं पान एक दिवस चुकवलं नाही.

१९४४ साली तो तापानं गेला. प्रेत उचललं. बाया तिच्या बांगड्या फोडायला जमल्या.

सत्यवती उठली. सुतकाच्या घरात तिनं चूल पेटवली. अडवायचं कुणाला सुचलंच नाही. वरण उकळलं. कोपऱ्यात पान मांडलं. सगळ्या बघत होत्या. तिनं झाकण उचललं... आणि सर्वांसमोर उभं धरलं.

थेंब ओघळून जमिनीवर पडले.

"माहा मालक अजून वाटेवर हाय," ती म्हणाली.

तिनं मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही.

त्या दिवशी अग्नी माझ्या आजोबांनी दिला होता. कुणाला दिला, असं विचारलं की ते उठून जायचे.